पुळणीवरचे डोळे

यमुना कासेकरनं शाळेच्या ओसरीवर डोक्यावरची पाटी उतरवली, तीतल्या दोन तिसऱ्या, घट्ट मिटलेले शिंपले, उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. टक्क असा भरीव आवाज आला. तिनं त्या डाव्या हाताला ठेवल्या. पुढच्या दोन उचलल्या, पुन्हा टक्क. त्यानंतरच्या जोडीचा आवाज जरा बसका आला, तशी त्यातली एक तिनं अंगणात भिरकावली.

"चिखल भरलाय नुसता," ती म्हणाली. "वरून बगून कळत नाय. कानानं कळतं."

माझे सातवीचे विद्यार्थी तिच्याभोवती कोंडाळं करून उकिडवे बसले होते. त्यांनी लगेच पाटीत हात घातले आणि ओसरीभर टकटक सुरू झाली. यमुनानं एकाच्या हातावर चापट मारली. दोन कॅन घेऊन पायरीवर उभे असलेले धामणकर साहेब हसले. डोंगरावरच्या कारखान्यात ते केमिस्ट होते, तिशीचे असतील. कॅनमध्ये कारखान्यातून शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी होतं. दिसायला अगदी नितळ, जरासं पिवळसर.

आमची शाळा खाडीच्या काठावर होती. ओहोटी लागली की समोर लांबच लांब पुळण उघडी पडायची, चिखल आणि रेती मिसळलेली, पाय घोट्यापर्यंत रुतेल अशी. भोईवाडीच्या बायका खुरपी घेऊन तिथं उतरायच्या आणि तिसऱ्या काढायच्या. तिसरी चिखलात बोटभर खोल बसलेली असते, वरून दिसत नाही. दिसतात ती फक्त चिखलाच्या तोंडावरची सुईनं टोचल्यासारखी दोन बारीक भोकं, शेजारी शेजारी. भोईवाडीत त्यांना डोळे म्हणत. डोळे दिसले की त्याखाली खुरपं घालायचं. यमुना चालता चालता डोळे हेरायची, तिचं खुरपं कधी रिकामं यायचं नाही. मी वेंगुर्ल्याकडची, तिसऱ्या खात मोठी झालेली, पण मला दहा वेळा वाकून एक सापडायची. मग ती मला म्हणायची, "बाई, तुमी आपल्या शाळेत जावा. हितं तुमचा पगार निगणार नाय."

कारखान्याचं पाणी तोवर वरच्या ओढ्यात सोडलं जायचं. ओढ्याकाठच्या बागाईतदारांनी तक्रारी केल्या, म्हणून आता ते नळातून थेट खाडीत आणायचं ठरत होतं. नळाचं तोंड येणार होतं पुळणीच्या वरच्या अंगाला. त्यासाठी गावाची संमती हवी होती आणि रविवारी ग्रामसभा होती. कंपनीनं गावाला पाण्याची टाकी बांधून द्यायचं कबूल केलं होतं आणि काही पोरांना नोकऱ्या. नोकरीसाठी पहिलं नाव घेतलं जात होतं ते यमुनाच्या थोरल्याचं, सुभाषचं. तो दोन वर्षं घरी बसून होता. यमुनाचा नवरा वारल्यापासून घर चालत होतं ते या पाटीवर.

वाडीतल्या बायका सभेला यायच्या आणि यमुनाकडे बघून हात वर करायच्या. हे सरपंचांना ठाऊक होतं, कंपनीलाही ठाऊक होतं. त्यामुळे सगळे तिच्याच दारात येऊन बसायचे. तिनं सगळ्यांना चहा पाजला आणि शेवटी आपली अट सांगितली. साहेबाच्या पाण्यात आपल्या तिसऱ्या घालायच्या. सभेपर्यंत जगल्या तर हात वर, मेल्या तर नाही.

धामणकर एका शब्दात तयार झाले. त्यांना आपल्या पाण्याची खात्री होती, आणि ती खोटी नव्हती. नियमात बसेल ते सगळं ते रोज तपासत होते. कारखान्याच्या फाटकाशी त्याच पाण्याचा एक हौद होता आणि त्यात मासे पोहत असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवत. ते आताही त्यांनी मुलांना सांगितलं.

"कसले मासे?" यमुनाच्या अस्मितानं विचारलं. ती सातवीत होती आणि प्रश्न विचारताना हात वर करायची तिला सवय नव्हती.

"चिलापी."

"चिलापी तर गटारातपण पोहते," अस्मिता म्हणाली. मुलं फिदीफिदी हसली. धामणकरांचे कान लाल झाले, पण तेही हसले.

तिसऱ्या यमुनाच्या घरी ठेवल्या तर कंपनी मानणार नव्हती, कंपनीत ठेवल्या तर वाडी. म्हणून शाळा निवडली गेली, आणि शाळा म्हणजे मी. मला खरं तर आनंदच झाला. पुस्तकातले प्रयोग करून करून मुलं कंटाळली होती. त्यांचं उत्तर पानाच्या तळाशी आधीच छापलेलं असे.

मी धामणकरांना विचारलं, तुमचं पाणी खारं की गोडं. ते म्हणाले, गोडंच म्हणायचं. मग मी म्हटलं, निम्मं तुमचं आणि निम्मं खाडीचं घेऊ, कारण नळ आला तरी पुळणीवर ते मिसळूनच येणार. यमुनाला ते पटलं. एका टबात नुसतं खाडीचं पाणी, दुसऱ्यात कंपनीचं मिसळलेलं. मग मी मुलांना आणखी एक टब आणायला सांगितला आणि त्यात निम्मं खाडीचं, निम्मं आमच्या विहिरीचं पाणी भरायला लावलं.

"विहिरीनं कुणाचं काय वाईट केलंय, बाई?" अस्मितानं विचारलं.

"काहीच नाही. म्हणूनच हवी."

धामणकरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना कळलं होतं. मुलांना मी कारण सांगितलं नाही. सांगितलेलं मुलं लिहून घेतात आणि विसरतात.

तिन्ही टबांत सारख्या तिसऱ्या मोजून घातल्या. कुणी कुठल्या टबावर लक्ष ठेवायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. रोज सकाळी पाणी बदलायचं, अधूनमधून मगानं वर-खाली करून त्याला हवा द्यायची, आणि हात घालून तिसऱ्यांना छळायचं नाही, एवढे नियम. अस्मिताच्या वाट्याला कंपनीचा टब आला. तिनं चिठ्ठी उलगडली आणि भावाची नोकरी आपल्याच हातात आल्यासारखी मान ताठ केली.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत खाडीच्या टबाभोवती ही गर्दी झाली. तिसऱ्या उघडल्या होत्या. फार नाही, नखाच्या जाडीएवढ्या. त्यातून एक पांढरट जीभ बाहेर येऊन चाचपडत होती. दुसऱ्या टोकाला दोन इवल्याशा नळ्या, काठाला झालर असलेल्या, पाणी आत-बाहेर करत होत्या. मुलांनी तिसऱ्या खाल्ल्या होत्या, विकल्या होत्या, शिंपले घरंगळवून खेळली होती. पण त्या उघडून बसलेल्या कुणी बघितल्या नव्हत्या. वाडीत काढलेला माल जाळीच्या पिशवीत घालून रात्रभर खाडीत खुंटाला बांधून ठेवत, रेती ओकून टाकायला. सकाळी पिशवी वर ओढली की हातात येत त्या मिटलेल्याच. हात लागला की तिसरी मिटते.

विहिरीच्या टबात त्या जरा उशिरानं उघडल्या. पण उघडल्या.

"माझ्या झोपल्यात," अस्मिता म्हणाली. ती तिच्या टबाशी एकटीच बसली होती.

"झोपल्यात का, ते बघ," मी म्हटलं.

"बघून काय दिसणार? मिटल्यात सगळ्या."

"मग तेच दिसतंय ना."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईंचं डोकं आज ठिकाणावर नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं टब बदलून मागितला. मी दिला नाही. तिच्या मैत्रिणी आपापल्या टबातल्या तिसऱ्यांना नावं ठेवून मोकळ्या झाल्या होत्या. एक फार जीभ काढायची, तिचं नाव मुलांनी मुख्याध्यापकांच्या नावावरून ठेवलं होतं, ते इथं सांगत नाही. अस्मिताच्या टबातल्या नुसत्या दगडासारख्या पडून होत्या. तिनं एवढंच सांगितलं की सकाळी ओतलेलं गढूळ पाणी बाकीच्या दोन टबांत मधल्या सुट्टीपर्यंत काचेसारखं होतं आणि तिच्या टबातलं शाळा सुटेपर्यंत गढूळच राहतं. "माझा टब घाणेरडाय, बाई." मी टब घासून दिला. पुढच्या दिवशीही तसंच झालं.

शुक्रवारी खाडीच्या टबातल्या दोन तिसऱ्या मेल्या. सताड उघड्या पडल्या आणि वास येऊ लागला. विहिरीच्या टबातली एक मेली. कंपनीच्या टबात एकही नाही. आता अस्मिताला टब बदलायचा नव्हता. ती वर्गभर बोट नाचवत फिरत होती. दोन, एक, शून्य.

शनिवारी दुपारी यमुना आली, बरोबर वाडीच्या चारपाच बायका. धामणकरही वेळ काढून आले. यमुनानं पदर खोचला आणि खाडीच्या टबात सरळ कोपरापर्यंत हात घातला. होत्या नव्हत्या त्या सगळ्या मिटल्या. दोनचार सुस्त होत्या, त्या सावकाश मिटल्या. ती जोडी जोडी उचलून आपटू लागली. आवाज बरे होते. विहिरीच्या टबातही बरे होते. मग ती कंपनीच्या टबाशी बसली. तिथल्या तिसऱ्या घट्ट मिटलेल्या, धुतल्यासारख्या स्वच्छ. तिनं आपटून बघितल्या. टक्क, टक्क, एकीचाही आवाज बसका नाही.

तिनं एक तळहातावर घेतली आणि बायकांना दाखवली. "हे बगा. कशी आवळून ऱ्हायलीय. बाजारात मांडली तर पयली उचलतील."

तिचं काही चुकलं नव्हतं. बाजारात उघडी तिसरी कुणी घेत नाही. मिटलेली ती ताजी, आवळलेली ती उत्तम, यावर तिची सगळी हयात चालली होती. बायकांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, सायबाच्या पाण्यात तर आपल्या खाडीपेक्षा बऱ्या ऱ्हातात. धामणकरांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं.

"उद्या करते हात वर," यमुना त्यांना म्हणाली. "सुभाषला कधी पाठवू, तेवडं सांगा."

मग ती माझ्याकडे वळली. मी काहीच बोलत नव्हते, हे तिला जाणवलं असावं. "काय वो बाई? बरोबर ना?"

"मोजलंत ते बरोबर आहे," मी म्हटलं. "दोन, एक आणि शून्य."

मी तेव्हाच बोलू शकले असते. पण मी बोलले असते तर ते एका बाईचं म्हणणं झालं असतं, केमिस्टच्या म्हणण्यासमोर ठेवलेलं. तिनं चहा पाजलेल्या माणसांत आणखी एकाची भर पडली असती. आणि बघायची पाळी माझी नव्हती. अजून एक सकाळ हाताशी होती.

सगळे गेल्यावर अस्मिता टब झाकत होती. मी फळा पुसता पुसता तिला विचारलं, "जिंकलीस ना? मग एक सांग. चार दिवसांत तुझ्या तिसऱ्यांनी खाल्लं काय?"

"त्या काय खातात?"

"पाणी आत घेतात, त्यातलं जे काय असेल ते खातात. म्हणून तर पाणी नितळ होतं."

ती झाकण हातात धरून थांबली. मी तिला घरी जायला सांगितलं.

रविवारी सकाळी मी शाळेचं कुलूप काढायला आले, तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. केस विंचरलेले नव्हते.

"बाई, आम्ही धक्क्यावरून बुड्या मारतो ना," तिनं आल्या आल्या सुरुवात केली. "कोण जास्त वेळ खाली राहतो ते. खाली गेल्यावर तोंड मिटून घेतो. नाक धरतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, किती मजेत बसलाय. पण मजेत नसतो, बाई. कधी एकदा वर येतोय असं होतं."

"मग?"

"माझ्या झोपल्या नाहीत. त्यांनी नाक धरलंय."

शिकवण्याच्या धंद्यात पगाराखेरीज आणखी काही मिळतं, ते अशा सकाळी मिळतं. मी शक्य तितक्या शांतपणे तिला विचारलं की हे खरं की खोटं कसं ठरवणार.

ती म्हणाली, "वर आणून."

"कसं?"

"चांगल्या पाण्यात घालू. नाक धरलं असेल तर सोडतील."

मी तिला म्हटलं, मग मला नको दाखवू. आईला बोलाव, आणि जाता जाता साहेबांनाही. ते सरपंचांकडे उतरलेत.

सभा अकराला होती. यमुना नवं लुगडं नेसून आली, सभेसाठी काढलेलं. लेकीवर ती जरा चिडलेलीच होती. धामणकरांच्या हातात कागदांची पिशवी होती. अस्मितानं शाळेचं मोठं पांढरं घमेलं खाडीच्या ताज्या पाण्यानं भरलं, कंपनीच्या टबातल्या काही तिसऱ्या त्यात अलगद ठेवल्या आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. "कुणी हात घालायचा नाही. आई, तू पण नाही."

"मग काय करायचं?"

"बघायचं."

यमुनाला बसून नुसतं बघायची सवय नव्हती. ती जात्याच हातांची बाई. थोडा वेळ तिनं पदराशी चाळा केला, मग ओसरीतला केर वेचला, मग शेवटी भिंतीला टेकून बसली. धामणकर घड्याळ बघत होते. दूर देवळाशी सभेसाठी सतरंज्या अंथरल्या जात होत्या, त्यांच्या झटकण्याचा आवाज येत होता.

बऱ्याच वेळानं एका तिसरीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती रुंदावली. दुसरी उघडली, मग तिच्या शेजारची आणखी एक. आतून त्या दोन झालरीच्या नळ्या हळूहळू बाहेर आल्या, आणि पाण्यावर तरंगत असलेला एक बारीक कण त्यांच्याकडे ओढला जाऊन आत गेला.

यमुना गुडघ्यांवर रांगत पुढं आली. घमेल्यावर वाकली, सावली पडू नये म्हणून जरा बाजूला सरकली.

"अगो बाय," ती हळूच म्हणाली. "हे तर डोळे."



"चिखलात दिसतात ते हेच काय, बाई? ह्या नळ्यांची भोकं?"

मी म्हटलं, हेच. ती श्वास घेते, खाते, ते इथून. चिखलाच्या वर तेवढंच येतं.

यमुना उठली आणि कंपनीच्या टबाशी गेली. तिथं उरलेल्या तिसऱ्या तशाच होत्या, घट्ट, स्वच्छ, बाजारात मांडल्यासारख्या. तिनं त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं.

"हितं एकीला डोळे नायत," ती म्हणाली.

धामणकर घसा खाकरून म्हणाले, "मावशी, गोडं पाणी मिसळलं की त्या मिटतात. खारेपणा कमी झाला म्हणून मिटल्या असतील. त्याचा अर्थ आमचं पाणी विषारी आहे असा..."

अस्मितानं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. ती बोललीही नाही. तिनं नुसतं विहिरीच्या टबावरचं झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं. तिथंही निम्मं पाणी गोडंच होतं. आणि तिथल्या तिसऱ्या जिभा काढून, नळ्या सोडून आपल्या आपण नांदत होत्या. ते बघून धामणकर माझ्याकडे वळले. पहिल्या दिवशी याच टबावरून त्यांनी मान हलवली होती.

"मीच विसरलो," ते म्हणाले.

घमेल्यातल्या एका तिसरीकडे यमुनाचं लक्ष गेलं. ती इतरांपेक्षा जास्तच उघडली होती. तिनं आता मात्र हात घातला. बाकीच्या सगळ्या चटकन मिटल्या. ती मिटली नाही. यमुनानं तिला टिचकी मारली, शिंपल्यावर शिंपला आपटला. ती उघडीच राहिली, मेली होती. तिनं ती मुठीत घेतली.

"साहेब," ती म्हणाली, "पावसाळ्यात पूर येतो. डोंगरावरचं लाल पाणी पुळणीवर चडतं. तवा पण ह्या अशाच मिटून ऱ्हातात, मला म्हाईत हाय. तेवडे दिवस आमी पुळणीवर उतरत नाय. मग पूर उतरतो. तुमचा नळ कदी उतरनार?"

धामणकरांना खोटं बोलता आलं असतं. त्यांची नोकरी तशी होती, आणि अकरा वाजत आले होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला.

"तो चालूच राहणार, मावशी. रात्रंदिवस."

यमुनानं मान डोलावली, जणू बाजारात कुणी सरळ भाव सांगितला होता.

सभेला मीही गेले आणि मागं बसले. टाकीचं बोलणं झालं, नोकऱ्यांचं झालं. सरपंचांनी धामणकरांना पाण्याबद्दल चार शब्द सांगायला लावले. त्यांनी पिशवीतले कागद बाहेर काढले, नियमांप्रमाणे पाणी ठीक असल्याचं सांगितलं, आणि पुढं म्हणाले की शाळेतल्या प्रयोगात काही वेगळं दिसलंय, ते तपासायला मला वेळ हवा आहे. कंपनीचे दुसरे एक साहेब शेजारी बसले होते, त्यांनी एकदम वळून धामणकरांकडे बघितलं. सरपंचांना वेळ द्यायचा नव्हता. त्यांनी हात वर करायला सांगितलं.

पुरुषांच्या बाजूला बरेच हात वर झाले. त्यात सुभाषचा होता. बायकांच्या बाजूला सगळ्या यमुनाकडे बघत होत्या. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि उजव्याची मूठ मिटलेली होती.

"यमुनाबाय," सरपंच म्हणाले, "तुमचं तर कालच ठरलं होतं म्हणे."

ती उठली, सतरंजीवरून चालत पुढं गेली आणि मूठ उघडून ती तिसरी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"आमी काल मिटलेल्या बगून ठरवलं," ती म्हणाली. "ही आज उघडली. आता मिटत नाय."

एवढंच बोलून ती जागेवर येऊन बसली. तिनं लेकाकडे बघितलं नाही. बायकांच्या बाजूला एकही हात वर गेला नाही. थोड्या वेळानं सुभाषचा हात खाली आला. कोपर दुखल्यासारखा त्यानं तो दुसऱ्या हातानं चोळला.

संमती मिळाली नाही. पुढं कंपनीनं पाणी शुद्ध करायची आणखी एक टाकी बांधली आणि पाणी आवारातच वापरायला सुरुवात केली, असं ऐकलं. त्याला दोन वर्षं गेली. तोवर नळाचा विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला आणि दर वेळी शाळेच्या ओसरीवर टब मांडले गेले. धामणकरांची बदली झाली. जाण्यापूर्वी ते शाळेला एक चांगलं भिंग देऊन गेले. सुभाषला नोकरी मिळाली नाही. तो पुढं एका मच्छीमार बोटीवर गेला. यमुनानं त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही, कधी आभारही मानले नाहीत. पुळणीवर भेटली की म्हणायची, "बाई, तुमी शाळेत जावा."

पण त्या दिवशीचं एक राहिलं. सभा सुटली तेव्हा ओहोटी लागली होती. अस्मिता आणि वर्गातली मुलं तिन्ही टबांतल्या तिसऱ्या घेऊन खाली उतरली. घोट्याएवढ्या पाण्यात त्यांनी त्या सोडल्या, खाडीच्या आणि विहिरीच्या एकीकडे, कंपनीच्या थोड्या बाजूला. यमुना आमच्या मागून आली. नवं लुगडं तिनं गुडघ्यापर्यंत वर खोचलं होतं, खुरपं हातात होतं. सभा झाली म्हणून ओहोटी थोडीच वाया घालवायची.

पहिल्या दोन टबांतल्या तिसऱ्यांनी जीभ रोवली आणि बघता बघता त्या चिखलात दिसेनाशा झाल्या. कंपनीच्या तशाच पडून राहिल्या. पाणी मागं हटत होतं. मुलं कंटाळून चिखलफेक करायला लागली. अस्मिता हलली नाही, आणि तिच्यामुळे तिची आईही.

मग एक हलली. तिरपी झाली, थोडी आत गेली, थांबली, पुन्हा थोडी गेली. पाणी पुरतं उतरलं तेव्हा तिथं नुसता ओला, गुळगुळीत चिखल होता. आणि त्यावर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं.

"आई," अस्मिता म्हणाली.

यमुनानं बघितलं होतं. तिचं खुरपं सवयीनं खाली गेलं, टोक चिखलाला टेकलं. तिथंच ते थांबलं. तिनं ते काढून घेतलं, पदराला पुसलं आणि त्या दोन डोळ्यांना वळसा घालून ती पुढं चालू लागली.